झोपलेली गाडी जागी कशी करायची?

आज एका कोड्यानं सुरुवात करू या. अशी कोणती वस्तू आहे, जी वापरली तर झिजते आणि नुसती ठेवली तर त्याहून लवकर बिघडते?

कुलूप म्हणालात? बरोबर. सायकल? तेही बरोबर. पण माझ्या मनातलं उत्तर आहे मोटारगाडी!

तुमच्या आळीत, वाडीत किंवा सोसायटीच्या मागच्या बाजूला अशी एखादी गाडी असणारच. चाकं बसलेली, काचेवर धुळीचा जाड थर, त्या धुळीत कुणीतरी बोटानं काढलेलं तोंड, आणि टपावर खुशाल झोपलेलं मांजर. वर्षानुवर्षं ती जागची हललेली नसते. समजा, तुमच्या हातात तिची किल्ली दिली, नवी कोरी बॅटरी दिली आणि पाच लिटर पेट्रोल दिलं. किल्ली फिरवली की गाडी चालू होईल का?

बहुतेक नाही. आणि खरं सांगू का? अशा गाडीची किल्ली पहिल्याच दिवशी फिरवली, तर जे वाचलं असतं तेही मोडू शकतं. का बरं? तेच आज पाहायचं आहे. मी काही गॅरेजवाली नव्हे, चौथीच्या वर्गाची बाई आहे. पण आमच्या कोकणातल्या गावात २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत अशी एक गाडी जागी करताना मी जवळून पाहिली. प्रश्न विचारून विचारून मिस्तरींना बेजार केलं. त्यातलं जे समजलं ते तुम्हांला सांगते.

गाडी होती प्रीमियर पद्मिनी. तुमच्यापैकी कित्येकांनी ती पाहिलीही नसेल, पण आईबाबांना विचारा, त्यांचे डोळे चमकतील! आमच्याकडे तिला कुणी पद्मिनी म्हणत नसे, सगळे म्हणायचे 'फियाट'. त्याचं कारण असं. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन तिथे फियाटच्या गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४ साली 'फियाट ११०० डिलाइट' आली. सत्तरच्या दशकात फियाटशी झालेल्या कराराची मुदत संपली, आणि त्याच गाडीला चितोडच्या राणीचं नाव मिळालं, पद्मिनी. नाव बदललं, पण लोकांच्या तोंडातली फियाट काही गेली नाही.

तेव्हा गाडी घ्यायची म्हणजे दुकानात गेलं आणि आणली, असं नसायचं बरं का! पैसे भरून नंबर लावायचा आणि वाट पाहायची. कित्येकांना ती वर्षानुवर्षं पाहावी लागे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच पद्मिनी. २००० सालच्या आसपास तिचं उत्पादन थांबलं, तरी टॅक्सी धावत राहिल्या. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांचीच परवानगी असते. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ ची होती, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीला तीही रस्त्यावरून गेली. सगळ्या वर्तमानपत्रांत फोटो आले होते.

त्याच सुमारास आमच्या गावातल्या पद्मिनीचाही निकाल लागायचा होता.

ही गाडी आमच्या शाळेच्या मागे राहणाऱ्या आजींची. म्हणजे खरं तर आजोबांची, ते कंपाउंडर होते. १९८६ सालची गाडी त्यांनी जुनी म्हणून घेतली होती. गावात दुसरं वाहन नव्हतं तेव्हा रात्री-अपरात्री कुणाला साप चावला, कुणाला कळा सुरू झाल्या की लोक कंदील घेऊन यांच्या अंगणात उभे राहायचे. तालुक्याचा दवाखाना अठरा किलोमीटरवर. माझ्या वर्गातल्या दोन मुलांच्या आया याच गाडीतून बाळंतपणाला गेलेल्या आहेत. एकीचं तर म्हणणं, "बाई, दवाखाना फक्त नावाला, पोरगा गाडीतच झाला!" २०१४ साली आजोबा वारले आणि गाडी गोठ्याशेजारच्या पडवीत उभी राहिली ती राहिलीच. नऊ पावसाळे!

आजींचा मुलगा मुंबईला असतो. त्यानं भंगारवाल्याशी बोलणं केलं. दिवाळीनंतरच्या शुक्रवारी टेम्पो येणार, गाडी वजनावर जाणार. पद्मिनीचं वजन नऊशे किलोच्या आसपास, म्हणजे लोखंडाचा ढीग चांगलाच. आजी काही बोलल्या नाहीत. पण आजींजवळ राहणारी नात, नववीतली, माझी जुनी विद्यार्थिनी, ती हटून बसली. तिचं म्हणणं, "आधी इंजिन फिरतंय का ते बघू. जाम असेल तर न्या खुशाल. पण न बघता नाही." बापाला ते पटलं. शुक्रवारपर्यंत मुदत मिळाली. हातात दिवस होते सहा, त्यात दिवाळी.

बाजारपेठेतले जुने मिस्तरी आले. गावातली सगळी मुलं त्यांना चाचा म्हणतात. आजोबांची गाडी ते पंचवीस वर्षं सांभाळत होते. आल्या आल्या नातीनं किल्ली पुढे केली. चाचांनी ती घेतली आणि सरळ खिशात टाकली! म्हणाले, "ही शेवटच्या दिवशी. आधी डोळे आणि नाक वापर, पोरी."

आता विचार करा. उभ्या गाडीचं नऊ वर्षांत होतं तरी काय?

पहिली गोष्ट, तिथे भाडेकरू येतात. बॉनेट उघडण्याआधी चाचांनी लांब काठीनं सगळीकडे ठोकलं. आमच्या भागात फुरसं फार, आणि अडगळीची जागा त्याला आवडते. साप नव्हता, पण हवेच्या फिल्टरमध्ये उंदरानं झकास घर केलं होतं. गवत, चिंध्या, सुपारीची सालं आणि आजोबांच्या एका जुन्या पावतीचे तुकडे. दोन वायरीही कुरतडलेल्या होत्या. सायलेन्सरच्या नळीचं तोंड कुंभारमाशीनं मातीनं लिंपून टाकलं होतं. गाडी चालू करायला गेलो असतो तर धूर बाहेर पडायला जागाच नव्हती. आणि उंदराचं गवत इंजिनात ओढलं गेलं असतं ते वेगळंच.

दुसरी गोष्ट, पाणी. पाऊस पडवीत येत नव्हता हो, पण हवेतलं बाष्प येतंच की! पेट्रोलच्या इंजिनात काय असतं, ते थोडक्यात सांगते. या गाडीच्या इंजिनात चार सिलिंडर, म्हणजे चार गुळगुळीत लोखंडी नळकांडी. प्रत्येकात एक दट्ट्या वरखाली होतो, त्याला पिस्टन म्हणायचं. पंपानं सायकलमध्ये हवा भरता ना, तसाच. चारही मिळून जागा १०८९ घनसेंटिमीटर, म्हणजे एकेका सिलिंडरमध्ये पाव लिटरहून किंचित जास्त. पिस्टनभोवती पोलादी कड्या असतात, त्यांना रिंग म्हणतात. हवा गळू नये म्हणून त्या नळकांड्याला घट्ट चिकटून असतात. गाडी रोज चालते तेव्हा या सगळ्यावर तेलाचा पातळ थर असतो. उभी राहिली की तेल हळूहळू खाली निथळतं. इंजिन थांबतं तेव्हा कुठल्या ना कुठल्या सिलिंडरची झडप उघडीच राहिलेली असते, तिथून दमट हवा आत शिरते. मग कोरड्या लोखंडाला काय होणार? गंज! रिंगा नळकांड्याला गंजानं चिकटतात. इंजिन जाम झालं म्हणतात ते हेच.

आता समजलं ना, किल्ली का फिरवायची नाही? किल्ली फिरवली की सेल, म्हणजे इंजिन फिरवणारी विजेची मोटर, पूर्ण जोर लावते. चिकटलेल्या रिंगा तशाच ओढल्या गेल्या तर मोडतात आणि नळकांड्यावर ओरखडे पडतात. मग ते इंजिन खरंच भंगारात.

म्हणून चाचांनी पहिल्या दिवशी एकच महत्त्वाचं काम केलं. चारही स्पार्क प्लग काढले. त्याआधी प्रत्येक वायरीला नातीनं चिठ्ठी बांधली, एक, दोन, तीन, चार. मी विचारलं, "एवढं कशाला, चारच तर आहेत!" तेव्हा कळलं की या इंजिनात ठिणगी एक, दोन, तीन, चार अशी पडतच नाही! ती पडते एक, तीन, चार, दोन या क्रमानं. असं केल्यानं इंजिनाचा दांडा एकाच बाजूनं हिसके खात नाही. वायरी अदलाबदल झाल्या तर इंजिन नुसतं फटाके फोडतं. मग प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल एकत्र करून सोडलं. डिझेल पातळ, ते फटीत शिरतं. ऑइल मागून जाऊन वंगण करतं. भोकांवर फडकं टाकलं आणि चाचा म्हणाले, "झालं. आता उद्या."

एवढंच? सगळे हिरमुसले. पण चाचा चहा पिऊन गेलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी इंजिन हातानं फिरवायचं होतं. हातानं कसं? ही युक्ती मला फारच आवडली. पद्मिनीचं इंजिन पुढे असतं, पण ते ओढतं मागची चाकं. म्हणजे इंजिन फिरलं की चाक फिरतं. मग उलटं केलं तर? चाक फिरवलं की इंजिन फिरेल! चाचांनी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावले, हँडब्रेक सोडला, मागचं एक चाक जॅकवर उचललं आणि गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली. पहिल्या गिअरमध्ये का नाही? कारण पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यात इंजिनाला कितीतरी फेरे मारावे लागतात, हाताला ते पेलत नाही. चौथ्यात कमी फेरे, म्हणून हलकं.

गाडीखाली आधाराला अंगणातला चिरा लावू का, असं शेजारच्या मुलानं विचारलं. चाचा एकदम ओरडले. जांभा दगड वरून घट्ट दिसतो, पण भार पडला की मधूनच दुभंगतो. त्यांनी सागाचे जाड ठोकळे मागवले. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, हे त्यांनी आम्हां सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणवून घेतलं. मलाही म्हणायला लावलं!

आता चाक फिरवा. नातीनं जोर लावला. हलेना. शेजारच्या मुलानं लावला. हलेना. दोघांनी मिळून लावला, गाडीच हलली पण चाक नाही. आजी ओटीवरून पाहत होत्या, त्या उठून आत गेल्या.

चाचांनी पुन्हा तेल सोडलं. बुधवारही तसाच गेला. गुरुवार उजाडला तेव्हा टेम्पो यायला एकच दिवस उरला होता. नात म्हणाली, "चाचा, लांब पहार लावून जोर करू या का?" चाचा म्हणाले, "जोर नाही. झोका दे." म्हणजे काय? चाक एका बाजूला ढकलायचं नाही, तर थोडं पुढे, थोडं मागे, थोडं पुढे, थोडं मागे. पाळण्याला देतो तसं. तेल आत मुरायला वाट मिळते आणि गंजाचा कण न् कण सुटत जातो. पाऊण तास हे चाललं होतं. नातीच्या हाताला फोड आले. मी घड्याळ पाहून निघायच्या बेतात होते, तेवढ्यात चाचांनी हात वर केला. "थांबा. ऐका."

प्लगच्या एका भोकातून "फुस्" असा आवाज आला होता. अगदी बारीक!

पिस्टन हलला होता. चाक जेमतेम चार बोटं फिरलं असेल. मग वीतभर. मग हातभर. आणि दहा मिनिटांनी ते सलग फिरायला लागलं. चारही भोकांतून आळीपाळीनं फुस् फुस् करत डिझेलचे शिंतोडे उडत होते, आणि नात डोक्यापासून पायापर्यंत काळी झाली होती. तिनं तशाच हातानं बाबांना फोन लावला. शुक्रवारचा टेम्पो आलाच नाही.

पण थांबा, इंजिन फिरलं म्हणजे गाडी चालू झाली असं नाही! इंजिनाला तीन गोष्टी लागतात. हवा, पेट्रोल आणि ठिणगी. हवेचा रस्ता तर उंदराचं घर काढून मोकळा झाला होता. राहिली ठिणगी आणि पेट्रोल.

ठिणगीची गोष्ट बॅटरीपासून सुरू होते. जुनी बॅटरी केव्हाच मेली होती. बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाचं आम्ल असतं. ती रिकामी पडून राहिली की पट्ट्यांवर पांढरे कडक खडे धरतात आणि मग ती कितीही चार्ज करा, वीज धरून ठेवत नाही. नवी आणावीच लागली. पण बॅटरी देते फक्त १२ व्होल्ट. एवढ्यानं हवेतून ठिणगी उडत नाही. त्यासाठी इग्निशन कॉइल असते, ती त्या १२ व्होल्टचे पंधरा-वीस हजार व्होल्ट करते! ही वीज कोणत्या सिलिंडरला केव्हा द्यायची, ते ठरवतो डिस्ट्रिब्युटर. आमचे चाचा त्याला 'डेल्को' म्हणतात, बहुतेक जुने मिस्तरी तसंच म्हणतात. त्याच्या आत दोन इवलेसे धातूचे ठिपके एकमेकांना लागतात आणि सुटतात. त्यांना म्हणायचं पॉइंट. दमट हवेनं पॉइंटवर राखाडी पुटं चढली होती, वीज जाणार कशी? नातीनं बारीक पॉलिश पेपरनं ते हलक्या हातानं घासले, चाचांनी फिलर गेजनं मधली फट मोजून बसवली. मग एक प्लग वायरीला जोडून इंजिनाच्या लोखंडावर टेकवला आणि चाचांनी रबरी पकडीनं धरला. इंजिन फिरवलं. टिक्! निळी ठिणगी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. (तुम्ही हे घरी करायचं नाही हं. तो झटका फार जोराचा असतो.)

पेट्रोलचा कारभार मात्र वाईट होता. पेट्रोल शिळं होतं, हे तुम्हांला माहीत होतं का? त्यातले हलके घटक उडून जातात, उरलेलं जाड होतं आणि वॉर्निशसारखा वास मारतं. टाकीतून जे निघालं ते काकवीसारखं लाल-काळं होतं. त्यात गंजाचे पापुद्रे. तसलं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये गेलं तर आटोपलंच! कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात मिसळणारं भांडं. त्यात सुईच्या अग्राएवढी भोकं असतात, त्यांना जेट म्हणतात. चिकट पेट्रोल वाळून ती बुजली होती. चाचांनी कार्ब्युरेटर खोलून प्रत्येक भाग पेट्रोलनं धुतला आणि जेट तारेनं न टोकरता हवेच्या झोतानं साफ केले. तारेनं भोक जरासं जरी मोठं झालं तरी प्रमाण बिघडतं. टाकी काढून तिच्यात मूठभर नट-बोल्ट आणि थोडं रॉकेल घालून दोघांनी धरून खळखळ हलवली. मग रॉकेल ओतून दिलं, आत पुन्हा हलवली. सहाव्या वेळेला पाणी, म्हणजे रॉकेल, बरं निघालं.

आणि रबर! जुन्या गाडीत रबर म्हणजे दुखणंच. पेट्रोलच्या नळ्या बोटानं वाकवल्या की बिस्किटासारख्या तुटत होत्या. आता आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं असतं. १९८६ च्या गाडीचं रबर काही त्याचा विचार करून बनवलेलं नव्हतं. त्यामुळे नळ्या नव्या आणि आजच्या पेट्रोलला चालणाऱ्याच घातल्या. तरी एक अडलंच. टाकीतलं पेट्रोल पुढे ओढून आणणारा छोटा पंप असतो, त्यात एक रबरी पडदा असतो. तो कडक होऊन चिरला होता. आमच्या तालुक्यात तो मिळेना. शेवटी नातीच्या बाबांनी, हो, तेच ते भंगारवाल्याशी बोललेले, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांतून तो शोधला आणि एस.टी.च्या पार्सलनं पाठवला. गाडीचा जन्म कुर्ल्यातला, औषधही कुर्ल्यातूनच आलं!

दरम्यान चाचांनी इंजिनातलं जुनं ऑइल काढून नवं भरलं. काढलेलं ऑइल आधी बोटांवर चोळून पाहिलं. ते दुधासारखं पांढुरकं झालेलं असतं तर आत पाणी शिरलंय, म्हणजे दुखणं मोठं आहे असं ठरलं असतं. सुदैवानं ते नुसतं काळं होतं. रेडिएटरमधलं पाणी विटकरी रंगाचं होतं, ते चार वेळा बदललं.

आणि ब्रेक. चाचांनी सर्वांत जास्त वेळ कशाला दिला असेल, तर ब्रेकला. जवळजवळ दोन दिवस. मला नवल वाटलं. गाडी अजून चालू नाही आणि थांबवायची काय घाई? चाचा म्हणाले, "बाई, न चालणारी गाडी कुणाला मारत नाही. न थांबणारी मारते." ब्रेकच्या नळ्यांमध्ये एक द्रव असतो, तुम्ही पायानं दाबलं की तो दाब चारही चाकांपर्यंत नेतो. या द्रवाला हवेतलं पाणी शोषायची खोड असते. नऊ वर्षांत त्यानं भरपूर पाणी प्यायलं आणि चाकांमधले छोटे सिलिंडर आतून गंजून अडकले. ते सगळे खोलले, रबरी वायसर बदलले, नवा द्रव भरला आणि नळ्यांतली हवा काढली. टायर बाहेरून बरे दिसत होते, पण बाजूला बारीक चिरा होत्या. हवा भरून उभे राहिले, तरी चाचांनी ते रस्त्यासाठी बाद केले. अंगणात चालतील, म्हणाले.

भाऊबीज होऊन गेली होती. शाळा सुरू व्हायला दोन दिवस होते. चाचांनी खिशातून किल्ली काढली.

आधी प्लग न लावताच सेल मारला. का? प्लग नसले की इंजिन हलकं फिरतं आणि नवं ऑइल सगळीकडे पोहोचतं. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझला, तेव्हा कुठे प्लग बसवले. मग गाडी ढकलत ढकलत पडवीतून उघड्या अंगणात आणली. हे फार महत्त्वाचं आहे, नीट वाचा. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून माणसं दगावलेली आहेत. कधीही, कुणीही, पाच मिनिटंसुद्धा असं करायचं नाही, आणि घरातलं मोठं माणूस करताना दिसलं तर सरळ सांगायचं.

नातीला चाचांनी ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. गिअर मोकळा, हँडब्रेक ओढलेला. "चोक ओढ. आता फिरव." खर्र खर्र खर्र... काही नाही. "सोड. बॅटरीला दम घेऊ दे." पुन्हा खर्र खर्र. मागून फाट् करून एक आवाज झाला आणि कुंभारमाशीच्या मातीचा उरलेला गोळा गोळीसारखा कोंबड्यांत जाऊन पडला! काय पळापळ झाली! तिसऱ्यांदा खर्र खर्र... फट्... फट् फट्... आणि घरघर सुरू झाली. मागून निळ्या-पांढऱ्या धुराचा एवढा लोट निघाला की अंगणातली तुळस दिसेना. निळा धूर सिलिंडरमध्ये सोडलेल्या तेलाचा, पांढरा नळीत साठलेल्या पाण्याचा. पंधरा-वीस मिनिटांत दोन्ही विरत गेले. चाचा मात्र धुराकडे पाहतच नव्हते. ते बॉनेटमध्ये वाकून कुठे गळतंय का, कुठे खडखडतंय का, ते ऐकत होते. एक नळी गळत होती, ती तिथेच आवळली.

आजी पायऱ्या उतरून आल्या. "एवढा आवाज नव्हता हो पूर्वी," म्हणाल्या. चाचा म्हणाले, "वहिनी, नऊ वर्षांनी बोलतेय. बोलू द्या तिला."

त्या दिवशी गाडी अंगणातच दहा हात पुढे गेली आणि ब्रेक लावून थांबली. पुन्हा दहा हात मागे. बस्स. रस्त्यावर न्यायची नव्हतीच, कारण गाडी जागी झाली तरी तिचे कागद झोपलेलेच होते! खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी आर.टी.ओ.कडे तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. विमा हवा, धुराचं प्रमाणपत्र हवं. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी २०२१ साली वेगळा नियम आला आहे. त्यांच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं असतात, पण त्या रोजच्या वापरासाठी नसतात. आपली पद्मिनी अजून तेवढी म्हातारी नाही. तिला साध्या रांगेतच उभं राहावं लागलं. नवे टायर, नवे दिवे, तपासणी, दंड, खेपा. या सगळ्याला पुढचा मे महिना उजाडला. नातीच्या बाबांनी हिशेब मांडला, तर भंगारातून जे मिळणार होतं त्याहून खर्च बराच जास्त झाला होता. मला विचाराल तर प्रत्येक जुनी गाडी अशी उठवावी असं मी म्हणणार नाही. ज्यांचा सांगाडाच गंजून पोकळ झाला आहे त्या गाड्यांनी भंगारात गेलेलंच बरं, त्यातल्या लोखंडाचं पुन्हा काहीतरी होतं. चाचांनीही पहिल्या दिवशी हातोडीच्या दांड्यानं गाडीचा तळ ठोकून पाहिला होता. तो पोकळ वाजला असता तर प्लगला हात लावला नसता, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

तुमच्या घरी अशी गाडी असेल, किंवा नुसती एखादी जुनी स्कूटर असेल, तर मोठ्यांना घेऊन फक्त बॉनेट किंवा डिकी उघडून पाहा. कोण राहायला आलंय ते बघा, वायरी मोजा, कुठली नळी कुठे जाते याचं वहीत चित्र काढा. पेट्रोल, बॅटरी आणि जॅक यांना मात्र हात लावायचा नाही. ते काम तुमच्या गावच्या चाचांचं. नव्या गाडीत कार्ब्युरेटर आणि पॉइंट शोधू नका बरं का, मिळणार नाहीत! तिथे पेट्रोल फवारायचं आणि ठिणगी पाडायची वेळ छोटा संगणक ठरवतो.

जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात, पद्मिनी पहिल्यांदा वाडीच्या बाहेर पडली. मागच्या सीटवर आजी, त्यांना मोतीबिंदू दाखवायला त्याच अठरा किलोमीटरवरच्या दवाखान्यात जायचं होतं. स्टिअरिंगवर नातीचे बाबा, शेजारी चाचा. नातीला अजून लायसन्स मिळायचं वय नाही, म्हणून ती मागे, मांडीवर पाण्याचा कॅन आणि फॅन बेल्ट घेऊन. घाटात एकदा पाणी तापलं, थांबून गार होऊ दिलं, मग निघाले. दोघी संध्याकाळी परत आल्या तेव्हा मी शाळेच्या फाटकाशी होते. पेट्रोलचा काटा तेवढा अजून दुरुस्त झालेला नाही, तो कायम शून्यावर असतो. टाकीत किती उरलंय ते नात बांबूची काडी घालून मोजते आणि काडीवर लिटरच्या खुणा तिनं स्वतः केलेल्या आहेत.